लेकराला काय बाधतं, काय नाही

आई-बापांनो,

हे पत्रक नवरा-बायकोनं दोघांनी मिळून वाचावं. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्यावं, आणि वाचताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही जवळ बसवावं. लेकरानं काय खावं अन् काय खाऊ नये, हे आपल्याकडं आईपेक्षा आजीच जास्त ठरवते.

सहा महिने पुरे झाले की आपण लेकराची उष्टावण करतो. मामा येतो, भाच्याला मांडीवर घेतो, खिरीचं बोट चाटवतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत घरात एक शब्द सुरू होतो : 'बाधलं'. अंगावर पुरळ आलं, वांगं बाधलं. पातळ शौच झाली, दूध बाधलं. नाक वाहू लागलं, केळं बाधलं. रात्री रडलं, तर आईनं खाल्लेली हरभऱ्याची डाळ बाधली. जे बाधलं ते बंद.

अन्न खरोखर बाधतं का? बाधतं. काही लेकरांना जिवावर बेतेल इतकं बाधतं. पण शंभर वेळा 'बाधलं' म्हटलं जातं, त्यातलं खरं फार थोडं निघतं. खरं असलेलं ओळखलं नाही तर धोका, आणि खोट्यापायी खाणं बंद केलं तर लेकरू वाळतं. आपल्या भागात दुसरी चूक जास्त पाहायला मिळते.

एका पोरीची गोष्ट

सेनगाव तालुक्यातल्या एका गावी अंगणवाडीत वजनं चालू होती. तेरा महिन्यांची एक पोरगी आजीच्या कडेवर होती. दंडाला पट्टी लावली तर तांबड्या रंगावर आली, म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी. मी विचारलं, "काय खाते ही?"

"चहा-बिस्कीट खाते, बाई. अन् भाताची पेज."

"वरण देत नाही?"

"वरण बाधतं तिला."

"अंडं?"

"त्याच्यापासूनच तर सुरू झालं सगळं," आजी म्हणाली.

सून मागं उभी होती, तिचे पुन्हा दिवस गेले होते. हळूहळू सगळं कळलं. पोरगी आठ महिन्यांची असताना उकडलेल्या अंड्याचा तुकडा दिला. पाव तासात ओठ सुजले, तोंडावर अन् छातीवर गांधी उठल्या, उलटी झाली. अंडं बंद केलं. हे बरोबर केलं. पुढच्या महिन्यात हगवण लागली, म्हणून दूध अन् दही बंद. उन्हाळ्यात मानेवर घामोळ्या आल्या, तर वरण बंद. मग आईला दिवस गेले तसं 'पोटुशीचं दूध बाधतं' म्हणून अंगावरचंही तोडलं. चार दारं बंद केली. चोर एकाच दारानं आला होता.

पोरीचा बाप बाहेर मोटारसायकलीला टेकून उभा होता. त्याला आत बोलावलं तर म्हणाला, "ते बायांचं काम हाय, बाई." लेकरू दोघांचं असतं, मग त्याच्या ताटात काय पडतं हे बापालाही ठाऊक असायला नको का?

बाधणं दोन जातीचं

पहिली जात ॲलर्जीची. ज्वारी हुरड्यात आली की आपण राखणदार ठेवतो. तो मचाणावर बसून पाखरांवर गोफण फिरवतो. आता समजा, तो राखणदार जरा जास्तच तापट निघाला अन् भाकरी घेऊन आलेल्या मालकिणीलाच चोर समजून दगड मारू लागला, तर? शरीरातही रोगजंतूंशी लढणारी राखण असते. एखाद्या लेकराची राखण अंड्याला, दुधाला किंवा शेंगदाण्याला शत्रू समजते. मग गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, कधी दम लागतो. बहुतेक वेळा हे खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत होतं. जेव्हा जेव्हा ते अन्न पोटात जाईल तेव्हा तेव्हा होतं. आणि किंचितशानंही होतं, बोटभर चाटलं तरी.

एक उशिरा येणारा प्रकारही आहे. त्यात लेकरू तासा-दोन तासांनी ओकून ओकून गळून जातं, किंवा तान्ह्या बाळाच्या शौचात रक्ताचे धागे दिसतात. रक्त आवेनंही पडतं. म्हणून शौचात रक्त दिसलं की घरी अंदाज करत बसू नये, डॉक्टरला दाखवावं.

दुसरी जात न पचण्याची. इथं राखणदाराचा काही दोष नाही. दुधात एक साखर असते. ती फोडायला आतड्याच्या अस्तरात एक पाचक रस तयार होतो. जोराची हगवण लागली की ते अस्तर सोलून निघतं, रस कमी पडतो. मग दूध पोटात गेलं की वारा धरतो, पोट फुगतं, आंबट वासाची पातळ शौच होते, ढुंगण लाल होतं. पण अस्तर पुन्हा येतं, बहुतेक लेकरांत आठ-पंधरा दिवसांत. तेवढ्यासाठी जन्मभराचं दूध तोडायचं कारण नाही.

दोन्हींतला फरक दह्यावरून चांगला समजतो. दुधातली साखर पचत नसेल त्या लेकराला दही बऱ्याचदा चालतं, कारण विरजणानं ती साखर थोडी खाऊन टाकलेली असते. दुधाची ॲलर्जी असेल त्याला दूध, दही, ताक, खवा, पेढा, यातलं काहीच चालत नाही. अन् शेळीचं दूध हलकं असतं, ते चालेल, असं जे सांगतात ते ॲलर्जीच्या लेकराला लागू नाही. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातला ज्याच्यावर राखणदार चिडतो तो भाग जवळपास सारखाच असतो. शिवाय नुसत्या शेळीच्या दुधावर ठेवलेल्या तान्ह्याला पंडुरोग होतो. त्यात रक्त वाढवणारं एक जीवनसत्त्व फार कमी असतं.

मग बाकीचं काय असतं?

बाकीचं बरंचसं दुसरंच काही असतं. टमाट्याचा, चिंचेचा, लिंबाचा रस ओठाभोवती लागून लाली येते अन् तासाभरात जाते. ती ॲलर्जी नव्हे. हगवण बहुतेक वेळा दूषित पाण्यानं, न धुतलेल्या हातानं आणि दुधाच्या बाटलीनं लागते. बाटलीचं बूच कितीही उकळा, घरोघरी ते माशा बसलेलंच सापडतं. वाटी-चमचा वापरा. दात येताना लेकरू दिसेल ते तोंडात घालतं, जुलाब त्यानं होतात, दातानं नाही. आपल्याकडं वसमत, औंढा, कळमनुरीच्या बाजूला हळद शिजवण्याचे आणि पॉलिशचे दिवस आले की घरभर बारीक धूळ उडते, चुलवणाचा धूर कोंडतो अन् लेकरू खोकतं. त्याचा बोल केळ्यावर ठेवतात. केळ्यानं खोकला होत नाही. पॉलिशच्या ड्रमपासून लेकरू लांब ठेवा, केळं खाऊ द्या.

हगवणीत काय करावं हे एकदा नीट लक्षात ठेवा. ओआरएसची एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, घोट घोट. झिंकच्या गोळ्या १४ दिवस, मधेच थांबवू नये. किती द्यायची ते आशाताई सांगतील. अंगावरचं दूध चालूच, खाणंही चालू. पंधरवडा उलटला तरी हगवण थांबत नसेल तर डॉक्टर दूध कमी करून दही-खिचडी सांगतील. ते त्यांनी सांगावं, आपण नाही.

कोणतं अन्न बाधू शकतं

जगभर जास्त त्रास देणारे पदार्थ मोजकेच आहेत : दूध, अंडं, शेंगदाणा, काजू-अक्रोडासारखा सुकामेवा, सोयाबीन, गहू, मासे, झिंगे आणि तीळ. आपल्या देशात त्यात हरभरा धरला पाहिजे. बेसनानं, फुटाण्यानं गांधी उठणारी, दम लागणारी माणसं मुंबईतल्या डॉक्टरांनी तपासली आणि २००१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. यातलं बरंचसं आपल्या शेतात पिकतं अन् आपल्या ताटात पडतं. सिद्धेश्वर-इसापूरच्या धरणातले मासेही बाजारात येतात.

यादी वाचून घाबरू नका. कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर भागातल्या सात ते दहा वर्षांच्या शाळकरी मुलांची मोठी पाहणी झाली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. खरी अन्नाची ॲलर्जी असावी अशी मुलं हजारात एक-दोनच निघाली. पण त्याच पाहणीत रक्त तपासलं तर शंभरात सुमारे एकोणीस मुलांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध खूण सापडली. म्हणजे खूण पुष्कळांच्या रक्तात, त्रास फार थोड्यांना. हे मुद्दाम सांगते, कारण मोठ्या गावात आता साठ-सत्तर पदार्थांची रक्त तपासणी एकदम करून देणारे निघाले आहेत. सोयाबीनची दोन पोती विकून लोक ती करतात. कागदावर दहा पदार्थांपुढं फुली येते आणि लेकराचं तेवढं खाणं बंद होतं, जे ते काल मजेत खात होतं. जे खाऊन काही होत नाही, ते कागदावरच्या फुलीसाठी बंद करू नका. तपासणी लागतेच कधी कधी, पण ती झालेल्या त्रासाची हकिगत ऐकून डॉक्टरनं सांगितलेली एखाद-दुसऱ्या पदार्थाची असावी.

उशिरा देऊन फायदा नाही

पूर्वी मोठमोठे डॉक्टरही सांगत की, शेंगदाणा, अंडं उशिरा द्या म्हणजे ॲलर्जी होणार नाही. ते चुकीचं निघालं. इस्राएल देशात तान्ही मुलं शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ लवकर खातात. लंडनमध्ये राहणाऱ्या त्याच समाजाच्या मुलांना तो उशिरा मिळायचा. शेंगदाण्याची ॲलर्जी लंडनच्या मुलांत दहापट निघाली. मग लंडनमध्ये, ज्यांना जास्त धोका होता अशा ६४० बाळांचे दोन गट केले. एका गटाला शेंगदाणा लवकर सुरू केला, दुसऱ्याला पाच वर्षं दिलाच नाही. २०१५ साली निकाल आला : न दिलेल्या गटात शंभरात सतरा मुलांना ॲलर्जी, दिलेल्या गटात तिघांना.

म्हणून सहा महिने पुरे झाले की वरण, मऊ खिचडी, ज्वारीच्या पिठाची पेज, कुस्करलेलं केळं, भाज्या याबरोबर नीट उकडलेलं अंडं आणि भाजलेल्या दाण्याचं बारीक कूटही पेजेत कालवून द्यावं. दाण्याला बुरशी आलेली नसावी. मात्र अख्खा दाणा, फुटाणा, हरभरा पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या हाती देऊ नये. तो श्वासनळीत अडकतो. माझ्या मते आपल्याकडं दाण्याची भीती बाळगायचीच असेल तर ॲलर्जीच्या आधी याची बाळगावी. मधाचं म्हणाल तर तो वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यात क्वचित असं बीज असतं की, त्याच्या विषानं तान्ह्याचं अंग लुळं पडतं. बाळगुटीतही मध नको, अन् सहा महिन्यांच्या आत गुटीच नको.

नवं अन्न देताना एका वेळी एकच द्यावं, पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर. दोन-तीन दिवस तेच द्यावं, मग दुसरं. आणि सकाळी द्यावं, संध्याकाळी नाही. सकाळी काही झालं तर दिवस हाताशी असतो, गाडी मिळते, दवाखाना उघडा असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा : काय दिलं, काय झालं, किती वेळानं झालं. डॉक्टरला या चार खुणा दहा तपासण्यांपेक्षा उपयोगी पडतात. ज्या लेकराला लहानपणापासून अंगभर इसब आहे, किंवा एखादं अन्न आधीच बाधलेलं आहे, त्याला अंडं अन् दाणे सुरू करण्याआधी डॉक्टरला विचारावं.

हे दिसलं तर थांबू नका

खाल्ल्यावर लेकराची जीभ किंवा ओठ सुजले, आवाज बसला, छातीत शिट्टी वाजू लागली, श्वास ओढून घेऊ लागलं, लागोपाठ ओकू लागलं, अंग गार पडून मान टाकली, तर ताबडतोब १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं जवळचा सरकारी दवाखाना गाठा. लेकराला आडवं झोपवून पाय थोडे उंच करा. दम लागला असेल तर बसतं ठेवा. तोंडानं पाणी, दूध, काढा काही देऊ नका. अशा वेळी मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवलेलं असतं. आमसुलाचं पाणी अंगाला चोळणं साध्या गांधींना ठीक, पण श्वास अडकला असताना त्यात घालवलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत. अंगारा लावायचा तर गाडीत बसून लावा.

नुसत्या दोन-चार गांधी उठल्या अन् लेकरू खेळतं आहे, तर घाई नाही. तरी ते अन्न पुन्हा न देता दोन-तीन दिवसांत डॉक्टरला दाखवावं. अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून गोवर-रुबेलाची लस मात्र चुकवू नका. ती अशा लेकरांना देता येते. नर्सबाईंना आधी सांगा म्हणजे झालं.

अंगावरचं दूध

आईच्या दुधाची ॲलर्जी होत नाही. तान्ह्याच्या शौचात रक्त आलं आणि ते गाई-म्हशीच्या दुधामुळं असावं असं डॉक्टरला वाटलं, तर ते आईला दोन-चार आठवडे दूध-दही सोडायला सांगतात. बाळाला पाजणं सोडायला सांगत नाहीत. याखेरीज बाळंतिणीला वांगं नको, डाळ नको, हरभरा नको करत भात-तुपावर ठेवण्यात काही अर्थ नाही. तिची हाडं झिजतात अन् बाळाला काडीचा फायदा होत नाही.

पोटुशी बाईचं दूधही बाधत नाही. पण दिवस गेले की दूध आटत जातं हे खरं. अन् आईच्या अंगावर एकाच वेळी दोघांचा भार पडतो, तोही खरा. ज्या लेकराला एखादं अन्न खरंच बाधतं, त्याला आईच्या दुधाचा आधार दोन वर्षं मिळाला तर फार मोठी सोय होते. म्हणून पुढचा पाळणा तीन वर्षं तरी लांबवावा. तांबी आहे, अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, निरोध आहे. सरकारी दवाखान्यात यातलं काहीही फुकट मिळतं. आई पाजती असतानाही चालणारी ही साधनं आहेत. नवरा-बायकोनं मिळून नर्सबाईंना विचारावं.

सेनगावकडच्या त्या पोरीचं पुढं असं झालं. तिला ग्राम बाल विकास केंद्रात घेतलं. वरण, खिचडी, दही, दाण्याचं कूट एकेक करून पुन्हा सुरू केलं. कशानंही काही झालं नाही. आजी रोज स्वतः चमचा धरून बसायची, आणि चौथ्या दिवशी आपणहून म्हणाली की, वरणानं काही होत नाही, घामोळ्याच होत्या त्या. अंडं मात्र डॉक्टरांनी बंदच ठेवायला सांगितलं. अंड्याची अन् दुधाची ॲलर्जी पुष्कळ लेकरांची शाळेच्या वयापर्यंत आपोआप जाते, दाण्याची सहसा जात नाही. ती गेली का, हे घरी अंडं भरवून पाहायचं नसतं. दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली थोडं थोडं देऊन पाहतात. तोवर केक, बिस्कीट, पाकिटातला खाऊ घेताना वरचे घटक वाचायचे हे काम बापानं अंगावर घेतलं आहे. पुन्हा दाखवायला कधी आणायचं ती तारीख त्याच्याच समोर पोरीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून दिली.